झडतीला गाव गप्प राहिलं

मित्रहो, पोळ्यातून आत्ताच घरी आलो. मन लागत नाही, म्हणून लिहून राहिलो.

माझा नातू सुमित गायक आहे. सौंसर-मोहगावची पोरं त्याची गाणी मोबाईलवर लावतात. आज बैलांच्या तोरणाखाली, आपण निवडून दिलेल्या नेत्यासमोरच त्यानं पोळ्याचं टोमण्याचं गाणं, झडती म्हटली:

"मतं नेली पोत्यानं, वचनं देल्ली मोप,
दवाखान्याले कुलूप अन् साहेबाले झोप!"

झडती संपली की गावानं 'हर हर महादेव' गरजायचं, ही आपली रीत. राज्यांची नवी वाटणी झाली अन् आपण मराठी माणसं मध्य प्रदेशातच राहिलो, तेव्हा माझ्या वडिलांनी पुढाऱ्याच्या तोंडावर अशीच झडती म्हटली होती. गाव असं गरजलं की बैल बुजले.

आज कुणीच तोंड उघडलं नाही. मी एकटाच ओरडलो. नेता नुसता हसला. त्याचा माणूस म्हणाला, "झाला ना गाना? चाल, माईक दे."

वाटेत सुमितनं विचारलं, "आबा, माहे शब्द चुकले का?"

"नाही रे बाबू. लोक भेले."

घरी पोचलो तर निरोप होता: सकाळी पोराला ठाण्यात आणा.

तुम्ही तिथंच होता, मी तुमचे चेहरे पाहिलेत. उद्या आमच्यासोबत कोण येता?