गळ्याचं माप

माझी मावशी शिवणकाम करते, आणि गिऱ्हाइकाचं माप वाढलं तर तोंडातून अवाक्षर काढत नाही. मुकाट्याने अर्धा इंच सैल करायचं आणि वर म्हणायचं, "अगदी मापात बसलं हो!" तीस वर्षं तिचं दुकान या गोडव्यावर चाललंय. मला तो कधीच पटला नाही, पण तिच्यापुढे बोलायची माझी काय टाप!

गेली काही वर्षं तिच्या मापांच्या वहीत भलतंच दिसत होतं. बायकांच्या कमरा जिथल्या तिथे, वाढत होते ते गळे. शाळेतल्या बाई, बेकरीतल्या दोघी बहिणी, समोरची लोहारीण. पुरुषांपेक्षा बायकांचेच जास्त, त्यातही बाळंतपणं झालेल्यांचे. आमच्या आजीच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ होती, तीसुद्धा आम्ही घराण्याची खूण म्हणून कौतुकाने सांगायचो. आमचा भाग डोंगरउताराचा, मातीतलं आयोडीन पावसाने कधीच धुऊन नेलेलं, आणि ते कमी पडलं की गळा सुजतो. दुकानात आयोडीन घातलेलं खडेमीठ येतं, पण घरोघरी ते दोनदा पाण्यात खळबळून मगच वापरतात. का, तर कचरा जातो! कचऱ्याबरोबर आणखी काय जातं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मावशीची मुलगी, म्हणजे माझी ताई, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथे बंद गळ्याचा गणवेश लागतो. दोन वर्षांत मावशीने तिची कॉलर तीनदा उसवली. तिसऱ्या वेळी ताईला सातवा महिना होता.

"आई, हल्ली घास अडकतो गं," ताई म्हणाली. "आणि थंडी तर इतकी वाजते!"

"पोटुशीला असं होतंच," मावशी म्हणाली. तिने टेप लावली, आकडा पाहिला आणि वही मिटली. मी शेजारी बटणं लावत होते. आकडा मलाही दिसला होता. मी गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

बाळ झालं. तीन आठवड्यांत त्याने कुणाची झोपमोड म्हणून केली नाही. दूध पितापिताच झोपी जायचं.

"आमच्या कार्ट्याने घर डोक्यावर घेतलं होतं," लोहारीण म्हणाली, "आणि हे बघा, किती गुणी!"

मावशी हुरळून जायची.

एका दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई कोटाची बाही आखूड करून घ्यायला आल्या. सहज म्हणून पाळण्यात डोकावल्या. बाळाचा पिवळेपणा अजून गेला नव्हता. त्यांनी त्याचे पाय हातात घेतले, ते गार होते.

"रडतं का हे?"

"छे हो, नावालाही नाही," मावशी अभिमानाने म्हणाली.

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताईला घोटभर पाणी प्यायला लावलं आणि तिच्या गळ्यावर बोटं ठेवली.

"ही सूज कधीपासून आहे?"

"सूज?" ताई गोंधळली. "मला कुठे आहे सूज?"

मावशीने मापांची वही पुढे ओढली. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तीनदा कॉलर सैल केली मी."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं..."

"मी तुझं गिऱ्हाईक होते का, आई?"

नर्सबाईंनी दुपट्यासकट बाळ उचललं. "हे नंतर बोला. आयोडीन आईला कमी पडलं की पोटातल्या बाळालाही कमी पडू शकतं, आणि मग त्याच्या मेंदूची वाढ अडते; त्याला थांबायला वेळ नसतो. आधी रक्त तपासू. चला."

आम्ही तिघी चपला अडकवून त्यांच्यामागे धावलो. दवाखान्यात त्यांनी बाळाची टाच पुसली आणि सुई टोचली. रक्ताचा थेंब कागदावर उतरला. बाळाने डोळे अर्धवट उघडले. आम्ही त्याच्या रडण्याची वाट बघत उभ्या राहिलो.