पारंब्या नसलेला वड

जयपूरच्या छावणीत आमच्या क्वार्टरमागे, पाण्याच्या टाकीजवळ, एक डेरेदार झाड होतं. वटपौर्णिमेला आम्ही पाच-सहा मराठी बायका ऊन चढायच्या आत त्याला सूत गुंडाळायला जायचो. हा वड आमच्यापैकी कुणीच शोधला नव्हता. बदली होऊन जाणारी प्रत्येक जण नव्या आलेलीला बजावून जायची, ‘टाकीजवळचा वड आपला.’ खोडावर आदल्या वर्षीचं सूत असायचंच, त्यावरूनच आम्ही झाड ओळखायचो. पारंब्या का नाहीत, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. छावणीत सगळ्यांचेच केस बारीक कापतात, याचेही कापले असतील, असं म्हणून आम्ही हसून मोकळ्या झालो.

मला व्रतवैकल्यांचा सोस नाही. सातही जन्म हाच नवरा मागावा, असा माझा निर्णय अजून व्हायचा आहे. मी जायची ती गप्पांसाठी आणि खातीपुऱ्याच्या बाजारातून आणलेल्या आंब्यांसाठी. माझी शेजारीण मात्र सगळं मनापासून करायची. ती दिल्लीकडे वाढलेली, मराठी अडखळत बोलायची, पण उपास अगदी निर्जळी. त्या वर्षी आम्हा दोघींचे नवरे वर बर्फात एकाच चौकीवर होते आणि बरेच दिवस फोन नव्हता. नेटवर्क नसेल, असं मी धरून चालले होते. ती रडून रडून डोळे सुजवून बसली होती.

तेव्हा सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. सासरेही सैन्यात होते आणि नोकरीत असतानाच गेले. तेव्हापासून त्या या पूजेला हात लावत नसत. आमच्याबरोबर आल्या आणि बाजूला सावलीत उभ्या राहिल्या. उभ्या उभ्या त्यांनी एक पान तोडलं, बोटांत चोळलं.

“आगं, ह्यो वड न्हवं. वडाचं पान जाड असतंय, असलं पातळ नसतंय.”

एकीने मोबाइलवर फोटो काढून शोधलं. झाड पिलखन निघालं, वडाच्याच कुळातलं, पण पारंब्या न सोडणारं. आम्ही पोट धरून हसलो. शेजारणीच्या हातात मात्र सूत तसंच राहिलं.

“मतलब, आजी, मी त्यांच्यासाठी जे केलं, ते पोहोचलंच नाही?”

“झाडाचा आणि त्यांच्या सुखरूप असण्याचा काय संबंध?” मी फटकन बोलले. मला तिची भीती बघवत नव्हती.

सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. “माझा वड अस्सल हुता, पोरी. पारंब्या भुईला टेकल्याल्या. त्येला फेरं घालून आले आन् त्याच साली आमचं मालक गेलं.”

 शेजारणीने हळूच विचारलं, “मग तुमचा विश्वास उडाला नाही?”

“वडाला फेरं घातलं की मानूस वाचतोय, असं मी धरून चालले हुते. ते उडालं.”

“मग काय राहिलं, आजी?”

सासूबाईंनी चोळलेलं पान खाली टाकलं. “पुढं पोरगं भरतीला निघालं, तवा म्या त्येला आडवलं न्हाई.”

घरची रीत म्हणून त्यांनी मुलाला पाठवलं असेल, असं मी लग्नापासून समजत आले होते. कुठल्याही वडाची हमी उरलेली नसताना त्यांनी त्याला दारातून जाऊ दिलं होतं, हे त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं.  “आई, मलाही फार भीती वाटते,” मी म्हणाले. इतक्या दिवसांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे दोघींचेही नवरे सुखरूप परत आले, पण तेव्हा ते आम्हाला कुठे ठाऊक होतं?

सासूबाईंनी माझ्या हातातलं सूत घेतलं आणि त्या पिलखनाकडे निघाल्या.

“आई, तुम्ही कुणासाठी?”

“माझ्या पोरासाठी,” त्या म्हणाल्या. “आन् हिच्या नवऱ्यासाठी. चला, ऊन चढतंय.”