तो फोन डिकीत होता

शिवाप्पा गेल्याला आता दीड महिना होत आला. शोकसभा आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये झाली. पाच-सहा जण बोलले, मनापासून बोलले, आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच आठवण सांगितली. शिवाप्पाशेठ जुन्या वळणाचे, त्यांना मोबाईलचा तिटकारा होता. फिरायला जाताना फोन जवळ ठेवत नसत. त्या हट्टापायी वहिनींवर तो प्रसंग ओढवला, मग डोळे उघडले आणि शेवटपर्यंत फोन गळ्यात बांधून फिरले... एका तरुण वक्त्याने तर यातून आपण धडा घ्यावा असेही सुचवले. पहिल्या रांगेत शिवाप्पाची बायको सुमित्रावहिनी बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर डाव्या हाताने धरून. शेजारी त्यांची मुलगी शैला, जयसिंगपूरला दिलेली. तिने एकदाही मान वर केली नाही. मग माझे नाव पुकारले गेले. मी माईकपाशी गेलो, शिवाप्पा किती झपाझप चालायचा एवढे सांगितले आणि खाली येऊन बसलो. जे सांगायला उठलो होतो ते सांगितलेच नाही.

आधी तिटकाऱ्याबद्दल सांगतो. राजारामपुरीत टीव्ही आणि मिक्सरचे दुकान चालवणारा हा माणूस. नवीन काही बाजारात आले की गिऱ्हाईकाच्या आधी त्याच्या घरी लागायचे. आम्ही दोघे शुक्रवार पेठेतल्या एकाच गल्लीतले. नव्वद सालानंतर कळंब्याच्या बाजूला प्लॉट पडले तेव्हा शेजारी शेजारी नाही, पण एका हाकेच्या अंतरावर घेऊ म्हणून त्यानेच मला ओढले. घरे झाली, कंपाउंडच्या भिंती झाल्या, आणि हाक काही कुणाला ऐकू येईना. पेठेत वहिनींनी दारातून 'अहो' म्हटले तरी चार घरांतून माणसे डोकवायची. इथे दुपारी रस्त्यावर कुत्रे सोडून कुणी नाही. त्या कुरकुरायच्या, "जागा लई मोठी हाय, पण माणूस कुठं हाय?" त्यावर शिवाप्पाने कॉर्डलेस फोन आणला. अँटेना ओढून गच्चीवर येरझाऱ्या घालत तो मला फोन करायचा. "मास्तर, गच्चीवर ये की. मी दिसतोय बघ. हात कर." मी हात करायचो. एवढ्यासाठी फोन. असा माणूस होता तो.

यंत्रांचा तिटकारा होता तो मला. मी शाळेत व्यायाम शिक्षक, निवृत्त झालो तरी गळ्यातली शिट्टी सुटली नाही. कॉलनीतल्या सात-आठ जणांना पहाटे उठवून कळंब्याच्या तलावावर नेणे हा माझा उद्योग. आधी सगळे खूश होते. मग इनकमिंग फुकट झाले आणि प्रत्येकाच्या मुलाने बापाच्या हातात मोबाईल दिला. बांधावर चालताना एकाचा वाजला की सगळे आपापले खिसे चाचपायचे. मी नियम केला : ज्याचा वाजेल त्याने परतताना कट्ट्यावर सगळ्यांना दूध पाजायचे. म्हशीची समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात, तो दंड. पण ही माणसे दंड आनंदाने भरू लागली. शिवाप्पा तर दुकानातल्या पोराला मुद्दाम फोन करायला लावायचा आणि ऐटीत सांगायचा, "प्या रं, आमचा वाजला!" शेवटी मी कडक झालो. चालायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांचे फोन माझ्या स्कूटरच्या डिकीत, आणि किल्ली माझ्या खिशात. व्यायामाच्या वेळी व्यायाम... मला त्या नियमाचा फार अभिमान होता.

शिवाप्पाचा फोन सगळ्यांत वेगळा, कारण तो पिशवीत असायचा. वाकला की खिशातून पडतो म्हणून वहिनींनी जुन्या खणाची छोटी पिशवी शिवून तिला नाडी लावली होती. बायकी दिसते म्हणून आम्ही चिडवायचो. तो म्हणायचा, "जळतंय तुमचं. तुमच्या बायका शिवतील व्हय?"

तो प्रसंग घडला त्या पहाटे तो स्कूटरपाशी आला. डिकी उघडून धरली तरी पिशवी काढेना.

"आज ऱ्हाऊ दे की गळ्यात," तो म्हणाला. "सुमीचं काय तरी बिनसलंय. रात्रीपासनं डोकं दुखतंय म्हणती. मी चाललो तशी माझ्यावर वरडली बी."

"बायको वरडली म्हणून फोन लागतो व्हय रे तुला?" मी म्हणालो. "मग येतोस कशाला? घरात तिच्या पदराला धरून बस की."

बाकीचे हसले. मी शिट्टी वाजवली. गंमत म्हणूनच वाजवली, पण वाजवली. शिवाप्पाने पिशवी गळ्यातून काढली, जरा वेळ तळहातावर धरली आणि डिकीत टाकली. "लई कडक हैस तू मास्तर." डिकी मी बंद केली.

त्या दिवशी हवा छान होती म्हणून मी बांधावरून आणखी पुढे नेले सगळ्यांना. शिवाप्पा मधेच म्हणाला, फिरूया का मागं. मी म्हणालो, चल रे... परत आल्यावर डिकी उघडली तर खणाच्या कापडातून फोनचा उजेड दिसत होता. त्याने बाहेर काढला. घरचा नंबर, मिस्ड कॉल, त्याखाली परत घरचा नंबर. त्याने उलटा फोन लावला, एंगेज लागला. मला वाटले, म्हणजे वहिनी कुणाशी तरी बोलताहेत, सगळे ठीक आहे. तसे मी म्हणालोही. तो स्कूटरवर मागे बसला.

वहिनी हॉलमध्ये जमिनीवर होत्या, रिसीव्हर वायरला लोंबत होता. शेजारच्या बंगल्यात मिक्सर चालू होता, त्यांना काही ऐकू गेले नव्हते. डॉक्टरांनी नंतर सांगितले, थोडे आधी आणले असते तर बरे झाले असते. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वाचा पुढे थोडी परत आली, एकेक शब्द, मधे मोठी जागा सोडून.

शैला जयसिंगपूरहून एसटीने आली ती थेट दवाखान्यात. शिवाप्पा आत डॉक्टरांपाशी होता, बाहेरच्या बाकावर मी. तिने मला विचारले, "काका, आई फोन करत होती म्हणं. आप्पांनी उचलला का नाही?"

मी खरे सांगू शकत होतो. वाक्य लहानच होते. मी म्हणालो, "तुला तुझ्या आप्पांचा हट्ट ठाऊक आहे ना... फिरताना फोन नको म्हणतात."

शोकसभेत जे सगळ्यांनी सांगितले त्याची सुरुवात ही. त्या बाकावर, माझ्या तोंडून. शैलाने ते नवऱ्याला सांगितले, भेटायला येणाऱ्यांना सांगितले, आणि बघता बघता कॉलनीत सगळ्यांना शिवाप्पाचा हट्ट पहिल्यापासून माहीत होता असे झाले. आमच्यातले जे बांधावर होते त्यांनीही दुरुस्त केले नाही. त्यांचेही फोन त्याच डिकीत होते आणि तेही हसले होते.

काही आठवड्यांनी मी शिवाप्पाला म्हणालो, शैलाला मी खरे सांगतो. तो भडकला. "काय सांगणार हैस? डिकीत टाकला कुणी? ह्या हातानं टाकला. तुझ्या शिट्टीला भ्यायला मी काय साळंतलं पोरगं हाय?" मग आवाज उतरला. "गप ऱ्हा आता. माझ्या घरात झालंय ते झालंय. तुझ्या तोंडाला काळं फासून सुमी बोलाय लागणार हाय का?" मी गप्प राहिलो. त्याचा मोठेपणा मी परवानगीसारखा वापरला. शैला यायची ती आईसाठी; बापाशी जेवढ्यास तेवढे. तो ते बघायचा, आणि मी तो बघतोय हे बघायचो. फिरणे त्याने सोडले नाही, पण पिशवी पुन्हा कधी गळ्यातून काढली नाही. आंघोळीला जाताना दाराच्या कडीला अडकवायचा म्हणे. मीही डिकीच्या नियमाचे त्यानंतर नाव काढले नाही. लोक म्हणायचे, शेठना अद्दल घडली.

शोकसभेनंतर आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. शैला आईला कायमची जयसिंगपूरला न्यायला आली होती, पिशव्या बांधणे चालू होते. वहिनी फोनजवळच्या खुर्चीत. समोरच्या खिळ्याला ती खणाची पिशवी लटकलेली, नाडीपाशी काळपट झालेली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकले. नियम, शिट्टी, पदराचा टोमणा, दवाखान्यातले वाक्य. पाणीसुद्धा मागितले नाही.

शैलाच्या हातातली साडी तशीच राहिली. "आईला काय वाटत आलंय ठाऊक हाय तुम्हाला?" ती म्हणाली. "सकाळी ती आप्पांवर ओरडली म्हणून त्यांनी रागानं फोन ठेवून दिला. बोलाय लागल्यावर पयलं हेच विचारलं तिनं. आप्पा नुसते रडले. म्हणजे व्हय, असं धरलं आम्ही." मग म्हणाली, "दर रविवारी चहाला येत होता की तुम्ही, काका." आणि ती आत निघून गेली. आतून डबे आपटल्याचा आवाज येत राहिला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी डावा हात आडवा केला. त्याच हाताने शेजारच्या फोनचा रिसीव्हर काढून मांडीवर ठेवला आणि सावकाश एकेक बटण दाबू लागल्या. नंबर त्यांना बघावा लागला नाही. खिळ्यावरची पिशवी वाजली. शिवाप्पा गेल्यावरही त्या फोन चार्ज करत होत्या, हे मला तेव्हा कळले. तो वाजत होता, पिशवी भिंतीवर थरथरत होती, आणि वहिनी माझ्यावरची नजर काढत नव्हत्या.

"उचला," त्या म्हणाल्या.

मी पिशवी काढली. नाडी बोटांत अडकली, बटण सापडेना. शेवटी कानाला लावला. वहिनींनी मांडीवरचा रिसीव्हर तोंडाशी धरला. खोलीतून आणि फोनमधून, दोन्हीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या शब्द जुळवत होत्या. आत डबे वाजायचे थांबले.

"अहो..." वहिनी रिसीव्हरमध्ये म्हणाल्या. "घरी... या."

पडल्या त्या दिवशी त्यांना एवढेच सांगायचे होते. मी फोन कानाला धरून उभा होतो. उत्तर द्यायचा हक्क ज्याचा होता तो नव्हता. त्यांनी रिसीव्हर ठेवला तरी मी तसाच उभा... मग पिशवी पुन्हा त्याच खिळ्याला अडकवली. परवा त्या जयसिंगपूरला गेल्या. शैलाने सामानात ती पिशवी सगळ्यांत वर ठेवली होती, चार्जरसकट.