खानेसुमारीतून राहिलेलं घर

मधुकर गेल्याचं मला विभागाच्या जुन्या ग्रुपवर कळलं, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेतून. सकाळचे दहा वाजले असतील, मी मेथी निवडत बसले होते. आधी वाटलं, कुणाचे तरी वडील गेले असतील. वर सरकवत सरकवत मूळ निरोप सापडला : मधुकर दाभाडे, पैठणच्या एसटीत, हार्ट अटॅक. एकावन्नाव्या वर्षी तो तासिका तत्त्वावर शिकवायला निघाला होता, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचाच पगार आणि सुट्टीत घरी बसा. माझा पहिला आणि खरं सांगायचं तर एकमेव धड विद्यार्थी, बॅग मांडीवर घेऊन खिडकीला डोकं टेकून बसला होता. कंडक्टरला वाटलं, डोळा लागलाय. बिडकीन गाव मागं पडल्यावर कळलं म्हणे...

पैठणच्या कॉलेजनं शोकसभा घेतली. ज्यांना इतक्या वर्षांत त्याच्यासाठी एक कायम जागा काढता आली नाही, त्यांनी फोटोला हार मात्र चांगला भरघोस आणला. ‘जागतिक कीर्तीचे खगोलशास्त्रज्ञ’ असंही कुणीतरी बोलून गेलं. मधुकर असता तर खाली मान घालून हसला असता. माझं डोकं फिरलं. पण त्या लोकांवर राग काढून मोकळं व्हावं एवढी मी धुतल्या तांदळासारखी नाही, आणि दीड महिन्यानंतर हे लिहायला बसलेय ते त्यासाठीच.

सिल्लोड तालुक्यातल्या एका लहान गावातून तो विद्यापीठात माझ्याकडं पीएचडीला आला होता. वडील गावचे कोतवाल. पहिल्या दिवशी मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, की बाबा रे, एवढे विषय सोडून रेडिओ खगोलशास्त्र कशाला? तर म्हणाला, “यादी करायचं काम हाय असं ऐकलं, मॅडम. ते मला जमंल.” मला हसू आलं. पण काम खरोखर तेच होतं. लोकांना वाटतं, आम्ही गच्चीवर दुर्बीण लावून बसतो. आमचं आकाश भर दुपारी पंख्याखाली, संगणकाच्या पडद्यावर दिसतं. मोठ्या रेडिओ दुर्बिणी आकाशाच्या एकाच तुकड्याकडं तासन्‌तास रोखून जी माहिती जमवतात, ती आम्ही मागवायचो, तिचं चित्र तयार करायचो, आणि त्यात जिथून जिथून रेडिओ लहरी येताना दिसतात त्या प्रत्येक ठिपक्याची नोंद करायचो : कुठं आहे, किती प्रखर आहे, केवढा आहे, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. बहुतेक ठिपके म्हणजे कल्पनेच्या पलीकडं दूर असलेल्या दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारख्या. मधुकर त्याला आभाळाची खानेसुमारी म्हणायचा. वडील खानेसुमारीला आलेल्या साहेबांबरोबर घर न घर हिंडलेले, त्यामुळं त्याचे नियमही घरचेच होते. “कुलूप असलं तरी घर लिवायचं मॅडम, ‘बंद’ म्हणून. सोडायचं नाय.” एकदा यादीत त्यांची गावाबाहेरची अख्खी वस्तीच राहून गेली होती, आणि वडील यादी घेऊन तहसीलला चार खेपा घालून आले होते. हे तो तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून सांगायचा. मीही गंमत म्हणूनच ऐकलं.

दर रविवारी सकाळी अकराला तो माझ्या गारखेड्याच्या घरी यायचा. मी पुढचं दार नुसतं लोटून ठेवायचे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे, चहा व्हायचा, आणि मी लाल पेन घेऊन बसायचे. ज्या ठिपक्याबद्दल त्याला शंका असायची त्याच्यापुढं तो पेन्सिलीनं ‘पुन्हा पाहणे’ असा शेरा लिहायचा, आणि पाहिलं की एक टिंब द्यायचा. मला त्याचा कंटाळा यायचा. “अरे, एकदा काय ते ठरव की,” म्हणायचे मी. तो मान हलवायचा आणि पुन्हा पाहायचा.

यादी संपत आली तेव्हा त्यानं एक कमान दाखवली. दीर्घिकांच्या एका समूहाच्या कडेला, फुंकर मारली तर जाईल अशी पुसट, वाकलेली रेघ. जवळच एक फार प्रखर स्रोत होता, आणि प्रखर स्रोताभोवती चित्रात अशा खोट्या कमानी उमटतातच. दुर्बिणीच्या मोजणीतल्या चुका असतात त्या. मी म्हणाले, काढून टाक. तो म्हणाला, “खोटी कमान त्या स्रोताभवती वळती, मॅडम. ही उलटी वळलीय. हिचा त्याच्याशी संबंध नाय.” बरोबर बोलत होता तो. मला तेव्हाही कळत होतं की तो बरोबर बोलतोय. मी म्हणाले, चित्रातल्या गोंगाटाच्या, म्हणजे नुसत्या खरखरीच्या, पाचपट तरी प्रखर भरते का? म्हणाला, “एकेक ठिकाणी नाय भरत. पण पसरलीय किती ते बघा ना.” शेवटी म्हणाला, “बरं, शंका असा शेरा मारून ठिवू. पण यादीत ठिवू.” मी लाल पेन घेतलं आणि ओळ खोडली.

का खोडली? बाहेरून येणारे परीक्षक नको ते विचारत बसतील म्हणून, हे मी त्याला सांगितलेलं कारण. खरं कारण असं की, काही वर्षांपूर्वी एका परिषदेत मी स्वतःच असली खोटी कमान खरी म्हणून मांडली होती आणि माझं चारचौघांत हसं झालं होतं. ती भीती मी त्याच्या प्रबंधावर काढली. आणि अजून एक. पुण्यामुंबईच्या, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्या मुलानं तीच कमान आणली असती, तर मी एकदा तरी पुन्हा पाहिलं असतं का? हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. उत्तर मला आवडत नाही.

यादी आम्हा दोघांच्या नावानं प्रसिद्ध झाली. मला बढती मिळाली. मधुकरला मुलाखती मिळाल्या. एका मुलाखतीत विचारलं, यात तुमचा नवीन शोध कोणता, ही तर नुसती यादी आहे. तो येऊन मला हसत हसत सांगत होता, “बरोबरच हाय की मॅडम, यादीच हाय.” मग पैठणचं कॉलेज, एसटी, तास. रविवार मात्र त्यानं सोडला नाही. मी निवृत्त झाल्यावरही यायचा, नव्या दुर्बिणींचं काय चाललंय ते सांगायला.

अशाच एका रविवारी तो परदेशातल्या एका गटाचा शोधनिबंध छापून घेऊन आला. नव्या, जास्त संवेदनशील दुर्बिणीनं त्यांना एका दीर्घिकासमूहाच्या कडेला एक भलीमोठी कमान सापडली होती. दोन समूह एकमेकांवर आदळल्याची खूण. तीच ती. पहिल्याच पानावर वाक्य होतं, की या भागाच्या आधीच्या यादीत हिची नोंद नाही, आणि पुढं संदर्भ : आमची यादी. मधुकर म्हणाला, “मॅडम, आपला संदर्भ दिलाय.” टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी कागद चाळल्यासारखं केलं आणि म्हणाले, “आपली माहितीच तेवढी चांगली नव्हती रे.” त्यानं माझ्याकडं पाहिलं. “व्हय मॅडम,” म्हणाला, आणि चहा संपवला.

त्याच्या श्रद्धांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवडाभरानं त्याची बायको सुनंदा घरी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते ती. कापडी पिशवीतून एक फुगलेली फाईल काढून म्हणाली, “आम्हाला यातलं काय कळत नाय. तुमच्याकडंच राहू द्या.” मग म्हणाली, “पोरगी म्हणती, पप्पा त्या कमानीचं आपलं उगाच सांगायचे. मॅडम, ते त्यांनी आधी पाहिलं व्हतं का नाय, एवढंच सांगा.”

“पाहिलं होतं,” मी म्हणाले.

“मग यादीत का नाय? ते म्हणायचे, माझ्याकडूनच राहिलं.”

इतकी वर्षं त्यानं बायकोलाही ओळ मी खोडल्याचं सांगितलं नव्हतं. आणि मी काय म्हणाले? “राहून जातं असं कधी कधी.” अडुसष्टाव्या वर्षी, माझ्याच टेबलाशी बसून, त्याच्या बायकोपुढं. तिनं कप बशीत ठेवला आणि गेली.

ती गेल्यावर फाईल उघडली. ते पान सापडायला वेळ लागला नाही. हाताळून हाताळून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. ओळीवरून माझी लाल रेघ, शेजारी माझी सही. त्यापुढं पेन्सिलीनं ‘पुन्हा पाहणे’, आणि त्यापुढं टिंबं. कागदाच्या कडेपर्यंत गेलेली, मग खाली वळून समासात उतरलेली. दरवेळी कुठं नवी माहिती खुली झाली की बिचारा पाहत बसला असणार. मी एकदाही पाहिलं नाही.

तेव्हा आता लिहिते. ती कमान मधुकर दाभाडेनं पाहिली, इतरांच्या कितीतरी वर्षं आधी. त्याच्याकडून राहिली नाही. मी खोडली.

हा मजकूर वर्तमानपत्राकडं पाठवण्याआधी काल दुपारी मी सुनंदाला फोनवर वाचून दाखवला. तिच्या मागं वर्गात मुलं पाढे म्हणत होती. वाचून संपल्यावर तिनं मुलांना गप्प केलं. मग म्हणाली, “छापा.” आणि पुढं, “रविवारी फाईल न्यायला येते.” मी म्हणाले, ये, चहाला ये. “चहा नको, मॅडम,” म्हणाली.

उद्या रविवार. सकाळी दार लोटून ठेवीन. फाईल टेबलावर काढून ठेवली आहे आणि ते पान सगळ्यांत वर, म्हणजे तिला शोधावं लागणार नाही.