बशीरनं काय विचारलं होतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही. आई होती तोवर तिलाही नाही. आज लिहिते आहे, कारण — खरं तर कारणही नीट सांगता येत नाही.

शिराळ्याजवळच्या आमच्या गावात दर थंडीत बशीर नावाचा काश्मिरी शालवाला यायचा. गाठोडं आमच्या सोप्यात ठेवायचा, आसपासची गावं फिरून संध्याकाळी परत. आई त्याला भाकरी वाढायची. तो तिला अम्मी म्हणायचा. माझा दादा, संजय, फौजेत होता. त्याची ड्यूटी बशीरच्या मुलुखात लागली तेव्हा आईला धीर आला. आपलं माणूस हाय तिकडं, म्हणायची.

त्या वर्षी बशीर घरी निघाला, तेव्हा आईनं दादासाठी डबाभर लाडू त्याच्या हाती दिले. म्हणून त्यानं मला विचारलं, भाईजान नेमके कुठल्या गावाजवळ आहेत? मीच कागदावर लिहून दिलं. लाडू पोचले. दादा फोनवर हसला होता — निम्मे तुझ्या शालवाल्यानंच खाल्ले असतील, म्हणाला.

दोन वर्षांनी दादा गेला. गस्तीवर गोळी लागली. कुणी झाडली, कळलं नाही. पेटी आली, सगळा तालुका लोटला. चौथ्या दिवशी दुपारी बशीर आला. कराडात शाली विकत होता, ऐकलं तसा एसटीनं निघाला होता. ओट्यावर बसला आणि रडायला लागला.

मी त्याच्याकडं बघत राहिले. दादाच्याच वयाचा. श्वास घेत होता. कसं सांगू तुम्हाला — मला तेच सहन झालं नाही.

अंगणात माणसं होती. हा तिकडचाच की, असं कुणीतरी पुटपुटलं. मग काकांनी मला विचारलं, "आपला संजा कुठं हाय ते ह्याला ठावं व्हतं का गं?"

मी म्हणाले, "व्हय. त्यानं इचारलं व्हतं मला."

बस. लाडवांचं, कागदाचं काही बोलले नाही. खोटं बोलले का मी? एक शब्दही खोटा नव्हता.

बशीरला मराठी समजायची. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "ताई, बता दो ना," एवढंच म्हणाला. मी आत गेले. माणसं त्याला मारत होती, ते खिडकीतून सगळं दिसत होतं — मी खिडकी लावलीसुद्धा नाही. पोलिसांनी त्याला नेलं, दोन दिवसांनी सोडलं. काही निघालं नाही. उजवा हात कोपरातून मोडला होता म्हणे. तो पुन्हा आला नाही.

आणि अजून एक. दादाची त्या जागेवरून वर्षापूर्वीच बदली झाली होती, पार सीमेवर. आईला सांगू नकोस, काळजी करेल, म्हणाला होता. म्हणजे बशीरला जे ठाऊक होतं तिथं दादा नव्हताच. हे घरात फक्त मला माहीत होतं. त्या दुपारीही माहीत होतं.

शहिदाची बहीण म्हणून मला शाळांत बोलावतात. मी शत्रूविषयी बोलते. पण ज्यानं गोळी झाडली त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. बोलताना डोळ्यांपुढं येतो तो आमच्या ओट्यावर रडणारा माणूस. हेच वैर का? एवढंच असतं ते?

बशीरनंच दादाचा पत्ता पुढं पोचवला, हे काकांचं म्हणणं आईनं ऐकलं आणि खरं मानलं. पुढं सहा वर्षं ती सांगलीला माझ्याकडं होती. बशीरला तिनं कधी शिवी दिली नाही. दुपारी खाटेवर पडल्या पडल्या म्हणायची, "म्याच धाडलं गं त्याला. माझ्या हातानं लेकराचा पत्ता दिला."

एक वाक्य बोलले असते तर ती सुटली असती. पण मग ते अंगणातलं सगळं सांगावं लागलं असतं. गेली त्या दिवशीही ती तेच म्हणत होती. मी तिच्या पायांना तेल चोळत होते. चोळत राहिले.