जीभसाहेबांचा घरचा चहा

चहाच्या कंपनीत चव तपासण्याचं काम करत, म्हणून त्यांना सगळे जीभसाहेबच म्हणत. रोज त्यांच्यापुढे दीडशे कप मांडलेले असत, त्यात काळा, हिरवा, पांढरा आणि धुराचा वास मुरलेला असे सगळे चहा असत. साहेब चमच्याने सुर्रकन घोट ओढत, तोंडात घोळवत आणि बाजूच्या पिंपात थुंकत. "हा दोन दिवस उशिरा खुडलाय," एवढं म्हणाले की मळेवाल्यांच्या माना खाली जात.

घरी बायको पाणी, दूध, पावडर आणि मूठभर साखर एकदमच गॅसवर चढवी आणि बहिणीला फोन लावी. चहा उकळून उकळून पार आटायचा. साहेब निमूटपणे कप घेऊन खिडकीशी जात आणि रिकामा करूनच परतत. वीस वर्षांत त्यांनी एकदाही नाव ठेवलं नव्हतं.

एकदा तिने विचारलंच, "जगाच्या चहाला नाक मुरडता, मग माझा बरा चालतो?"

"दिवसाला दीडशे चहा थुंकतो मी," साहेब ऐटीत म्हणाले. "गिळतो तो फक्त तुझा."

"असं होय? मग खिडकीतल्या कुंडीला मुंग्या कशाने लागल्या?" म्हणत तिने कप पुन्हा काठोकाठ भरला आणि खुर्ची ओढून समोर बसली.