न पडता मेलेला मोक

मोक हाँगसाँग आजवर किती वेळा मेला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कौलूनच्या टेकडीवरल्या त्या स्टुडिओत कुंग फूचे सिनेमे भज्यांच्या घाण्यासारखे निघत. नायक बदलत, मरणारा मोक तोच. तो तलवारीने मेला, भाल्याने मेला, एकदा तर नायिकेने फेकलेल्या जेवणाच्या काडीने मेला. पडद्यावर मेलेल्याला अपशकुन लागू नये म्हणून निर्माता पैशांचं लाल पाकीट देई. ते घरी न्यायचं नसे. वाटेतच काहीतरी गोड घेऊन संपवायचं. त्यामुळे बायको युकलान दार उघडताच आधी नवऱ्याचे हात बघे. पुडा दिसला, की स्वारी मेलेली.

आता तो एक्कावन्न वर्षांचा होता आणि कंबर त्याहून म्हातारी. हाडवैद्याने बजावलं होतं, "पुन्हा पडलास तर माझ्याकडे येऊ नकोस, सुताराकडे जा."

म्हणून मोक मारामाऱ्या बसवणाऱ्या तांग मास्तरांकडे गेला. "मास्तर, बसायचं काम द्या."

"मीही तेवीस वर्षं तेच मागतोय," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "चहाखान्याच्या मालकाचं काम आहे. गल्ल्यावर बसायचं, कोणी कोणाला कितीही हाणो, हलायचं नाही. जमलं तर पुढे सावकार, न्यायाधीश, आजोबा, सगळं तुझं. नाही जमलं तर कंबर घे आणि घरी जा."

"बसण्यात काय जमायचंय?"

वर एक वाक्यही होतं: "मंडळी, भांडायचं तर बाहेर भांडा." मोक आठवडाभर ते भाताच्या वाडग्याला ऐकवत होता. सिनेमात आवाज मागाहून भरत, तोही दुसऱ्याच कोणाचा. बहुतेक नट कॅमेऱ्यापुढे नुसतेच आकडे पुटपुटत.

"अहो, तुमचा आवाज येणारच नाही त्यात," युकलान म्हणाली.

"तोंड तर माझं आहे."

चित्रीकरण सुरू झालं. मोकने वाक्य म्हटलं, छान म्हटलं. नायकाने मोकपासून चार हात लांब उभ्या गुंडाला लाथ घातली, आणि मोकच्या अंगाने मोकला न विचारता मान मागे टाकली, छाती धरली, अर्धी गिरकी घेतली आणि खुर्चीसकट गल्ल्यावरून खाली घरंगळत गेलं. इतकं सुरेख मरण, की मेलेला गुंड बघायला उठून बसला.

"मोक, तुला कोणी मारलं?"

"कोणी नाही, मास्तर."

"मग मेलास कशाला?"

"सवय."

दुसऱ्या वेळी त्याने टेबल घट्ट धरलं, टेबलासकट गेला. तिसऱ्या वेळी त्याला कमरपट्ट्याने खुर्चीला बांधला. खुर्चीही मेली.

आता त्याला उठवेना. तांग मास्तर येऊन शेजारी जमिनीवर बसले. त्यांचेही गुडघे वाजले.

"किती वर्षं झाली रे?"

"सव्वीस."

नायक केस विंचरत होता. मग मास्तरांनी खिशातून कथेची चिठ्ठी काढली आणि तिच्यावर एक रेघ मारली. "मालक आधीच मेलाय. त्याच्या सुडासाठीच ही मारामारी."

"आणि माझं वाक्य?"

"मेलेला बोलतो का?"

"आजोबा? न्यायाधीश?"

"ती बसणाऱ्यांची कामं. तुला बसता येत नाही, मोक. पण प्रेत मला दर सिनेमात लागतं. येत जा."

श्वासाने पोट हलतं म्हणून त्याला पालथा निजवला. दुपारभर त्याच्या अंगावरून माणसं उडाली, बाकं फुटली, एक किटली डोक्याजवळ आपटली. मोक घोरत होता. आवाज मागाहून भरायचा असल्याने कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी युकलानने दार उघडलं. मोकच्या हातात गोड पावांचा पुडा होता. तिचा चेहरा उतरला.

"मेलात ना परत?"

"मेलो. पण पडलो नाही," तो म्हणाला. तीनदा पडल्याचं त्याने सांगितलं नाही. ती मरणं कापली गेली होती.

"मग वाक्य?"

"तेही कापलं."

तिने पुडा घेतला, स्टूल दारापाशी सरकवलं. "बसा. आता म्हणा."

बाहेर सामाईक नळावर शेजारच्या दोघी बादलीच्या नंबरावरून जुंपल्या होत्या. मोक कंबर धरत स्टुलावर टेकला, ताठ झाला. "मंडळी, भांडायचं तर बाहेर भांडा."

नळावरची एकजण वळली. "बाहेरच भांडतोय की, मोककाका."

मोकने मान हलवली आणि पावाकडे हात केला. स्टुलावरून तो हलला नाही.